पावसाळ्यात सोडियम ॲस्कॉर्बेटचा आयआर बिघडतो? आधी पाणी कुणाचं ते ठरवा

बडोद्यात पहिला दमदार पाऊस झाला की आठवड्याभरात आयआरच्या, म्हणजे पदार्थाच्या अवरक्त शोषणाच्या आलेखाच्या (स्पेक्ट्रमच्या), एकाच छापाच्या तक्रारी सुरू होतात. नमुना जीवनसत्त्व क चा, नाहीतर त्याच्या सोडियम किंवा कॅल्शियम क्षाराचा. पेलेट, म्हणजे नमुना केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) मिसळून दाबलेली चकती, ढगाळ. ३४५० च्या आसपास पसरट खळगा, १६०० चं पीक रुंद होऊन १६४० कडे कलल्यासारखं, आणि लायब्ररीत जुळणी लागत नाही. मार्चमध्ये हाच माणूस याच मशीनवर हाच नमुना घेऊन बसला होता आणि सगळं ठीक होतं. आमच्याकडे पेलेट दाबणारे काका पेलेट उजेडाकडे धरून एका वाक्यात निकाल लावतात, "बेन, भेज लागी गयो छे." निदान बरोबर आहे, पण अर्धं. ओल नक्की कशाला लागली ते त्यात येत नाही, आणि उपाय तर त्यावरच ठरतो. केबीआर ओलं असेल तर नमुना वाळवून काही होत नाही. नमुन्याच्या स्फटिकातलंच पाणी असेल तर ते घालवण्याच्या नादात नमुनाच बदलतो.

मकरपुरा-नंदेसरीकडच्या कारखान्यांतले क्यूसीतले (गुणवत्ता तपासणीतले) लोक आणि एमएस्सी, फार्मसीची मुलं, दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिते आहे. घाई असेल त्यांनी एवढंच करावं: नमुना ओव्हनमध्ये घालू नका, आधी नुसत्या केबीआरचं पेलेट करून स्कॅन घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं.

काय दिसायला हवं

आकडे सगळे प्रति सेंटिमीटर, म्हणजे वेव्हनंबरचे.

कोरड्या, स्फटिकरूप ॲस्कॉर्बिक आम्लाचा आयआर देखणा असतो. साखरेसारखी बहुतेक हायड्रॉक्सी संयुगं ओ–एचच्या भागात एक रुंद दरी दाखवून मोकळी होतात. इथे मात्र ३५२५, ३४१०, ३३१५ आणि ३२२० च्या आसपास सुटी पीकं उभी असतात. रेणूत ओ–एच चार आहेत आणि स्फटिकात त्यांचे हायड्रोजन बंध कमीजास्त ताकदीचे, म्हणून ती वेगळी दिसतात. एका पीकाला एक ओ–एच अशी जोडी लावायचा मोह मात्र आवरा. स्फटिकात दोन स्वतंत्र प्रकारचे रेणू आहेत, हिशेब तितका सरळ नाही. खाली लॅक्टोनचा (वलयातल्या एस्टरचा) सी=ओ १७५५ ला, आणि त्याहून जोरकस सी=सी १६६० ते १६७५ मध्ये. १३२० चं पीकही ठसठशीत असतं.

क्षार झाला की तिसऱ्या कार्बनवरच्या ओ–एचचा हायड्रोजन जातो. त्याचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितका हायड्रोजन सहज सुटतो) ४.१७. दुसऱ्या कार्बनवरच्याचा ११.६ च्या जवळ, त्यामुळे साध्या सोडियम किंवा कॅल्शियम क्षारात तो जागचा हलत नाही. सुटलेला ऋणभार एका ऑक्सिजनवर बसून राहत नाही, सी=सी मधून थेट लॅक्टोनच्या सी=ओ पर्यंत पसरतो. दोन्ही दुहेरी बंध त्यामुळे जरा सैलावतात. सी=ओ १७०५ च्या आसपास उतरतो आणि सी=सी १६०० च्या आसपास. आम्ल आणि सोडियम क्षार या दोघांचा आयआर आणि रामन (विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा स्पेक्ट्रम) मिळून पद्धतशीर अभ्यास ह्वोसलेफ आणि क्लेबो यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे चित्र पक्कं आहे.

म्हणजे १७५५ आणि १६७० ही आम्लाची जोडी, १७०५ आणि १६०० ही क्षाराची. वाचायची तीही जोडीनेच. एकट्या १६०० वर विसंबणं पावसाळ्यात फार महाग पडतं, कारण पाण्याच्या एच–ओ–एच वाकण्याचा पट्टा येतो १६४० ला, नेमका या दोन सी=सींच्या मधल्या मोकळ्या जागेत. आम्लात तो १६७० च्या उतारावर बसून पीक खाली ओढल्याचा भास देतो, क्षारात १६०० च्या खांद्यावर बसून वर सरकवल्याचा. मग प्रबंधात वाक्य येतं: "सी=सी १६०० वरून १६३० ला सरकला, यावरून धातूशी बंध जुळल्याचं सिद्ध होतं." सिद्ध एवढंच होतं की त्या दिवशी पाऊस होता. धातूची संयुगं करणाऱ्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा. नवीन बंधाचा दावा करायचा असेल तर सी=ओ चंही काय झालं ते दाखवा, आणि पाणी वेगळं काढून दाखवा.

केबीआरचं पाणी

आपण नमुना घालतो दीड मिलिग्रॅम, केबीआर २०० मिलिग्रॅम. केबीआरला जराशी ओल असली तरी नमुन्याच्या मानाने ती मोठी होते. म्हणून नुसतं २०० मिलिग्रॅम केबीआर, तीच १३ मिमीची डाय (दाबायचा साचा), तोच दाब, आणि बॅकग्राउंड (तुलनेचा कोरा स्कॅन) रिकाम्या कप्प्याचं. ३४५० ला किंचित खळगा राहतोच, तो सोडून द्या. १६३५–१६४० लाही खळगा दिसला तर बाटली ओली आहे, पुढे जाऊ नका.

केबीआर आधी बारीक करून मग वाळवायचं, उलट नाही. वाळवल्यावर खलात घोटत बसलात तर नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि तेच हवेतली ओल धरतात. पेट्री डिशमध्ये पातळ थर, ११० अंशांवर रात्रभर, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये. तिथून छोट्या छोट्या कुप्या भरा. अर्ध्या किलोची बाटली दर नमुन्याला उघडायची पद्धत उन्हाळ्यात खपते, जुलैत नाही. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी पडली असेल तर तो डेसिकेटर नसून झाकण असलेलं भांडं आहे.

खल अगेटचा हवा. आयआर दिव्याखाली केबीआर घोटायला हरकत नाही, पण ॲस्कॉर्बेट त्या दिव्याखाली ठेवून फोनवर बोलायला जाऊ नका. आधी नमुना एकटा थोडा घोटा, मग केबीआर थोडं थोडं मिसळा. आणि कृपा करून खलावर वाकून गप्पा मारू नका. उच्छ्वासातली वाफ थेट पूडीवर उतरते. हे मी हसण्यावारी नेत नाही. एक विद्यार्थिनी मैत्रिणीला पद्धत समजावून सांगत सांगत पेलेट करायची आणि तिचंच पेलेट सगळ्यांत धुरकट यायचं. मास्क लावायला सांगितला, धुरकटपणा गेला.

डायला दाब द्यायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं व्हॅक्यूम, मग ८ ते १० टन. डायमधून निघतानाच पेलेट दुधट असेल तर केबीआर ओलं, नमुना जास्त, किंवा व्हॅक्यूम गळतोय. निघताना काचेसारखं आणि थोड्या वेळाने दुधट, तर ते बाहेरच्या हवेचं काम. ताबडतोब स्कॅन घ्या. ४००० च्या बाजूला बेसलाइन कोसळलेली आणि पीकांचा एक काठ उभा, दुसरा लांबट असं दिसलं तर तो पाण्याचा दोष नाही. कण जाड आहेत, प्रकाश विखुरतोय. दोन मायक्रॉनच्या खाली घोटायला हवं.

हवेचं पाणी

१४०० ते १९०० आणि ३५०० ते ३९०० या दोन पट्ट्यांत बारीक बारीक काट्यांची रांग दिसली की ती पाण्याची वाफ. घन पदार्थ इतकी अरुंद पीकं देत नाही. सोबत २३५० ला कार्बन डायऑक्साइडची जोडशिंगं असतातच. काटे उलटे, म्हणजे वरच्या दिशेने असतील तर बॅकग्राउंड घेताना कप्प्यात वाफ जास्त होती. झाकण बंद केल्यावर बॅकग्राउंडला जेवढं थांबलात तेवढंच नमुन्याला थांबा. कोरड्या नायट्रोजनचा झोत असेल तर उत्तमच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते: स्मूदिंगचं बटण दाबू नका. वाफेचे काटे त्याने जात नाहीत, गोल होतात. गोल झाले की १७०५ च्या शेजारी, १६५० जवळ खरेच वाटावेत असे खांदे तयार होतात आणि लोक त्यांना नावं द्यायला लागतात. काटे दिसत असताना निदान वाफ आहे एवढं तरी कळतं.

मशीनच्या आतला बीमस्प्लिटरही (प्रकाशाचा झोत दोन भागांत वाटणारा भाग) बहुतेक ठिकाणी केबीआरचाच असतो. ओल त्यालाही लागते आणि तो बदलायला लागणारी रक्कम ऐकून विभागप्रमुखांना घाम फुटतो. एका लॅबमध्ये विजेची बचत म्हणून रात्री एसी आणि मशीन दोन्ही बंद करायचे. सकाळी खोली थंड व्हायच्या आत दमट हवा आत शिरलेली असायची, आणि सिग्नल महिन्यागणिक खाली. पावसाळ्यात मशीन चालूच ठेवा आणि आतली जेल वेळेवर बदला. मशीनवर खरंच संशय असेल तर पॉलिस्टायरीनची फिल्म लावा. तिचं १६०१ चं पीक आपल्या १६०० च्या शेजारचंच, त्यामुळे नेमक्या हव्या त्या जागेची खात्री होते. १६०१ जागेवर असेल तर मशीनला मोकळं सोडा.

नमुन्याचं पाणी, आणि न्यूजॉलची एक चाचणी

केबीआर कोरडं आहे, काटे नाहीत, तरी १६४० चा खांदा आहे. आता संशय नमुन्यावर.

इथे मी न्यूजॉल काढते. अलेम्बिक १९०७ मध्ये निघाली तेव्हापासून बडोदं औषधांचं गाव आहे, आणि इथल्या जुन्या क्यूसीवाल्यांना न्यूजॉलची सवय असते. नव्या मुलांना मात्र हे तेल म्हणजे मागासलेपणा वाटतो. नमुना पॅराफिन तेलाच्या थेंबात घोटायचा, दोन प्लेटांमध्ये फिल्म करायची. तेलाची स्वतःची पीकं २९२४, २८५४, १४६२, १३७७ आणि ७२२ ला. म्हणजे सी–एचचा भाग गेला, पण १५०० ते १८०० हा आपल्याला हवा तो पट्टा पूर्ण मोकळा. शिवाय तेल नमुन्यावर पांघरूण घालतं, हवेतली ओल शिरत नाही.

१६४० चा खांदा पेलेटमध्ये आहे आणि न्यूजॉलमध्ये नाही, तर पाणी केबीआरचं. दोन्हींत आहे, तर नमुन्याचं. या चाचणीचा दुसरा फायदा सोडियम क्षारासाठी मोठा आहे. ओलसर केबीआरमध्ये दाबाखाली सोडियम आणि पोटॅशियम यांची अदलाबदल होऊ शकते, आणि मग आपण जे मोजतो ते शुद्ध सोडियम ॲस्कॉर्बेट राहत नाही. शिवाय फार घोटल्याने स्फटिकपणा मोडतो आणि पट्टे रुंदावतात. पेलेट आणि न्यूजॉल यांतली पीकं एकमेकांशी जुळत नसतील तर न्यूजॉलवर विश्वास ठेवा.

नमुन्याचं पाणी दोन प्रकारचं. वरवर चिकटलेलं असेल तर अंधारात, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, फॉस्फरस पेंटॉक्साइडवर ठेवा. ओव्हन नको. १०५–११० अंशांची सवय आपल्याला मिठासारख्या निर्जीव क्षारांमुळे लागली आहे. हा एनडायॉल (सी=सी च्या दोन्ही कार्बनांवर ओ–एच असलेलं संयुग) आहे, उष्णता, ओल आणि हवा एकत्र आली की पिवळा पडतो.

दुसरं पाणी स्फटिकातलं, आणि ते घालवायचं नाहीच. कॅल्शियम ॲस्कॉर्बेट नेहमी डायहायड्रेट म्हणून मिळतं. रेणुभार ४२६.३, त्यात पाणी ३६, म्हणजे वजनाच्या साधारण ८.५ टक्के. त्याच्या आयआरमध्ये पाणी दिसलं नाही तर काळजी करा. सोडियम क्षार निर्जल असतो, तिथे पाणी दिसलं तर काळजी करा. दोन्ही क्षारांना एकच फूटपट्टी लावणारे पुष्कळ आहेत.

तरीही वाद उरला तर जड पाणी. नमुना डी₂ओ मधून काढून कोरडा करा. एच–ओ–एचचं वाकणं १६४० वरून १२१० च्या आसपास जातं, ओ–एच ताण २५०० च्या परिसरात उतरतो, पण कार्बन–कार्बनचा १६०० चा पट्टा फारसा हलत नाही. १६४० जवळचं जे हललं ते पाण्याचं. महागडी चाचणी आहे, रोज करायची नाही. प्रबंध अडला असेल तर करा.

पाणी नाही, पण १७५५ जात नाही

क्षार म्हणून आणलेल्या नमुन्यात १७०५ आणि १७५५ दोन्ही उभे असतील तर त्यात आम्ल शिल्लक आहे. स्पेक्ट्रम बरोबर आहे, नमुना मिश्र आहे.

सगळ्यांत सोपं कारण म्हणजे नमुना औषधाच्या दुकानातून आला. चघळायच्या ५०० मिग्रॅ च्या गोळ्यांत बऱ्याचदा १०० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ४५० मिग्रॅ सोडियम ॲस्कॉर्बेट असतं. १९८.११ आणि १७६.१२ या रेणुभारांनी हिशेब करा, ते ४५० म्हणजे आम्लाचे ४०० होतात, आणि बेरीज ५००. पाकिटावर छापलेलंच असतं, कोणी वाचत नाही. त्यात साखर असली की ९९० ते ११३० हा भागही भरून जातो. अशी गोळी 'प्रमाण सोडियम ॲस्कॉर्बेट' म्हणून वापरू नका. आम्ल आणि क्षार एकत्र कसे दिसतात ते शिकायला मात्र झकास आहे.

क्षार घरचा, म्हणजे लॅबमध्ये केलेला असेल तर वजनं तपासा. १.७६१ ग्रॅम आम्लाला ०.८४० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. फेस थांबला म्हणजे झालं असं नाही. द्रावणाचा पीएच पाहा. ६.२ च्या आसपास शंभरातलं एकच आम्ल उरतं, ७ च्या पुढे गेलात की काळजी नको. तिथून फार पुढे जाऊ नका, कारण अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिडेशन वेग घेतं. बायकार्बोनेट जास्त झालं तर ८३५ आणि ६९५ च्या आसपास त्याची पीकं डोकावतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून क्षार खाली पाडा आणि गाळा. पाण्यावर आटवून काढायचा आळस केलात तर उत्पादन हमखास पिवळं.

पाणी डीआयोनाइज्ड हवं, आणि स्टीलचा गंजका चमचा नको. तांबं आणि लोखंड यांचे अंश ॲस्कॉर्बेटचं ऑक्सिडेशन झपाट्याने घडवतात. द्रावणातून नायट्रोजन सोडता आला तर सोडा.

पिवळा पडलेला नमुना

ऑक्सिडेशनने एनडायॉलचा सी=सी जातो आणि डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल तयार होतं. पुढे पाण्याने वलय उघडून डायकीटोगुलॉनिक आम्ल, आणि त्याचे तुकडे होत ऑक्झॅलिक आणि थ्रिऑनिक आम्लापर्यंत. आयआरमध्ये पाहायचं काय, तर सी=सीचं पीक बाकीच्यांच्या मानाने खचलंय का. थोडं खचलं असेल तर आयआरला ते नीट कळत नाही, उगाच टक्केवारी काढू नका. त्यासाठी आयोडीनचं टायट्रेशन आहे: ०.१ नॉर्मल आयोडीनचा १ मिली म्हणजे ८.८०६ मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल. अर्ध्या तासात उत्तर मिळतं. आयआर ओळख पटवतो, किती उरलंय ते ब्युरेट सांगते, आणि या कामात ब्युरेटचा शब्द मी आधी ऐकते.

कॅल्शियम क्षाराचा चोर

कॅल्शियम ॲस्कॉर्बेट बहुधा कॅल्शियम कार्बोनेटपासून करतात. कार्बोनेट जरा मागे राहिलं की १४२० ला रुंद पट्टा येतो, ८७५ आणि ७१२ ला पीकं येतात. ८७० च्या जवळ ॲस्कॉर्बेटची स्वतःचीही गर्दी असते, म्हणून ७१२ पाहा. रामनमध्ये हे आणखी सोपं: कॅल्साइटचं १०८६ चं पीक.

जुन्या किंवा ओलावलेल्या नमुन्यात दुसरा पाहुणा असतो, कॅल्शियम ऑक्झॅलेट. वर सांगितलेलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला भेटलं की अविद्राव्य क्षार खाली बसतो. त्याच्या मोनोहायड्रेटची पीकं १६२० आणि १३१७ ला. गंमत अशी की १६२० पुन्हा आपल्या त्याच भानगडीच्या जागी, १६०० आणि १६४० च्या मध्ये. आणि १३१७ ला आम्लाचं १३२० झाकून टाकतं. त्यामुळे इथे कितीही वाळवलं तरी 'पाणी' जात नाही, कारण ते पाणी नाहीच. ७८० चं पीक त्यातल्या त्यात उपयोगी.

पण स्पेक्ट्रमशी झटापट कशाला? नमुना पाण्यात विरघळवा. ॲस्कॉर्बेट विरघळतं, कार्बोनेट आणि ऑक्झॅलेट तळाला राहतं. गाळून धुवा, साका अंधारात वाळवा आणि त्याचा वेगळा आयआर घ्या. साक्यावर विरल ॲसेटिक आम्लाचा थेंब टाकला की कार्बोनेट फसफसतं, ऑक्झॅलेट ढिम्म हलत नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलची चाचणी आहे, म्हणूनच कदाचित कोणाला आठवत नाही.

रामनवर गेलात तर

ओलीची कटकट टाळायला रामन चांगला. पाण्याचं रामन विखुरण दुबळं, आणि सी=सी मात्र रामनमध्ये दणदणीत: घन आम्लात १६६० च्या आसपास. सी=ओ मात्र इथे दुबळा पडतो, तेव्हा जोडी वाचताना डोळे ताणावे लागतात. द्रावणंही सरळ कुपीत घेता येतात. एका सापळ्यापासून सावध राहा. पाण्यातल्या आम्लाचा सी=सी १६९० च्या जवळ दिसतो, घन आम्लापेक्षा बराच वर. ते नवं उत्पादन नाही, स्फटिकातले हायड्रोजन बंध सुटल्याचा परिणाम आहे. पीएच वाढवत गेलात की १६९० कमी होतं आणि १५९० च्या आसपास ॲस्कॉर्बेटचं वाढतं. पीएच ४.१७ ला दोघं निम्मे निम्मे. या मालिकेचे स्पेक्ट्रम एकाखाली एक लावले की क्षार कसा होतो ते फळ्यावर लिहिण्यापेक्षा स्वच्छ कळतं.

अडचण फ्लुओरेसन्सची. पिवळा नमुना ५३२ नॅनोमीटरच्या लेझरखाली ठेवला की बेसलाइन डोंगरासारखी चढते आणि पीकं बुडतात. ७८५ वापरा, असेल तर १०६४. लेझरची ताकद कमी ठेवा, नाहीतर नमुना जागेवर तपकिरी होतो आणि आपण आपलाच जळका डाग मोजत बसतो. साधी काचेची कुपी ७८५ ला स्वतःच चमकते, तेव्हा पूड ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर पसरा. सुरू करण्याआधी सिलिकॉनचं पीक ५२०.५ ला आहे का पाहा.

आणि ७८५ वर ओ–एच भाग दिसत नाही म्हणून घाबरू नका. ३४०० ची रेषा त्या लेझरवर १०७० नॅनोमीटरपाशी पडते, तिथे सिलिकॉनचा डिटेक्टर जवळजवळ आंधळा असतो. 'रामनमध्ये पाणी नाही' असं त्यावरून लिहिणं म्हणजे डोळे मिटून कोरडं आहे म्हणणं.

एटीआरवाल्यांसाठी थोडक्यात

पेलेटची कटकट नको म्हणून एटीआर, म्हणजे नमुना थेट एका स्फटिकावर टेकवून घ्यायचा आयआर, घेतलात तर उत्तम. फक्त पेलेटच्या जुन्या स्पेक्ट्रमशी आकडे थेट ताडू नका. जोरकस पीकं एटीआरमध्ये काही आकड्यांनी खाली दिसतात आणि ओ–एचचा भाग दुबळा दिसतो, कारण लांब तरंग नमुन्यात जास्त खोल शिरतात. तुलना एटीआरची एटीआरशी करा. स्फटिक झिंक सेलेनाइडचा असेल तर त्यावर ॲस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण टाकू नका. पाच टक्के द्रावणाचा पीएच २.१ ते २.६ असतो आणि झिंक सेलेनाइडला आम्ल सोसत नाही. हिऱ्याला काही होत नाही, फक्त त्याचं स्वतःचं शोषण १८०० ते २६०० मध्ये असतं, ते कार्बन डायऑक्साइड समजून खोडू नका.

विचारायला याल तेव्हा

डेटा फाईल आणा, स्क्रीनशॉट नको. स्मूदिंग किंवा बेसलाइन दुरुस्ती केली असेल तर त्याआधीची मूळ फाईल. सोबत त्याच दिवशी घेतलेलं नुसत्या केबीआरचं पेलेट, नमुना कुठून आला किंवा कसा केला, कशावर आणि किती वेळ वाळवला, आणि रंग. पांढरा, मलईसारखा की पिवळसर, हे लिहायला कोणी कंटाळू नये, त्यावरून पुढची अर्धी चौकशी ठरते. नमुना गडद कुपीत, वर पॅराफिल्म लावून पाठवा. प्लास्टिकच्या झिपपिशवीत घालून भर पावसात स्कूटरवरून आणलेला नमुना मी घेईन, पण त्याचा निकाल मार्चच्या स्पेक्ट्रमशी ताडून देणार नाही.